वासोट्यावरचे दोन कॉर्नेट आणि बाकीचे

डार्टमूरच्या नोंदवहीत प्रत्येक कैद्याची उंची लिहिलेली आहे. फूट आणि इंच. तिच्यापुढे वय, अंगकाठी, चेहरा गोल की लांबट, वर्ण, केसांचा रंग, डोळ्यांचा रंग, अंगावर व्रण किंवा गोंदण असेल तर तेही. त्याआधीच्या रकान्यांत तो कोणत्या जहाजावर होता, ते जहाज कोणी पकडलं, कधी पकडलं आणि कुठे. शेवटच्या रकान्यात तो बाहेर कसा पडला ते: अदलाबदलीत सुटला, पळाला, की मेला.

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात माळावर बांधलेला हा दगडी तुरुंग १८०९ साली फ्रेंच युद्धकैद्यांसाठी सुरू झाला. पुढे १८१२ चं ब्रिटन-अमेरिका युद्ध पेटलं आणि तिथे सुमारे साडेसहा हजार अमेरिकन खलाशी येऊन पडले. त्यांच्या नोंदवह्या आज लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात, आरमाराच्या कागदपत्रांत आहेत आणि त्यातल्या बऱ्याच पानांची छायाचित्रं मुलुंडमध्ये घरी बसून बघता येतात. कुणी अठरा वर्षांचा पोरगा, पाच फूट पाच इंच, डाव्या हातावर नांगर गोंदलेला. त्याच्या सातव्या पिढीतली पणती आज त्याला ओळखू शकते. मी त्या वह्या रात्र रात्र चाळल्या आहेत आणि खरं सांगते, मला त्या माणसांचा हेवा वाटला.

हेव्याचं कारण घरचं आहे. आमचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात, जावळीच्या बाजूला. साठच्या दशकात धरण झालं आणि गाव शिवसागर जलाशयाखाली गेलं. आजोबा त्याच्या आधीच परळला गिरणीत लागलेले, त्यामुळे आम्ही मुंबईकर झालो. बाकीची भावकी सरकारने जिथे जमीन दाखवली तिथे पांगली. आजी सांगायची की आपला मूळ पुरुष वासोट्यावर शिबंदीत होता. साहेबाने किल्ला घेतला तेव्हा तो धरला गेला आणि त्याला मुंबईला नेलं. मग पुढे? "पुढचं कुनी सांगितलंच न्हाई बाय," एवढंच. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं, सासूला तिच्या सासूने. आमच्याकडे पुरुषांची ही गोष्ट बायकांनी जपली आहे.

शिकले इतिहास, नोकरी केली बँकेत. सवड मिळाली तशी ही गोष्ट तपासायला घेतली.

काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीच्या समोर, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्र शासनाचं पुराभिलेखागार आहे. कंपनी सरकारचं मुंबईचं दफ्तर १८२१ साली रीतसर लावलं गेलं. त्या वेळी गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. ज्या माणसाने पेशवाई बुडवली त्याच्याच अमलात ती बुडवल्याचे कागद जपायची सोय झाली, आणि आज ते कागद त्याचंच नाव असलेल्या इमारतीत आहेत. मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा थोडं जड गेलं. पण कागद जपले गेले नसते तर मी कुणाशी भांडले असते?

सिक्रेट अँड पोलिटिकल डिपार्टमेंटच्या डायऱ्या म्हणजे चामडी पाठीचे जाडजूड ग्रंथ. आलेलं पत्र, गेलेलं पत्र, त्यावरचा ठराव, सगळं ओळीने उतरवलेलं. अक्षर वळणदार, शाई तपकिरी पडलेली, पानांच्या कडा बिस्किटासारख्या तुटणाऱ्या. "ताई, पान वरच्या कोपऱ्यातून उचला, खालून धराल तर हातात येईल," असं तिथल्या मामांनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं. आपली नावं शोधताना कान इंग्रजी करावे लागतात. पुण्याचं पूना, वासोट्याचं वसोता, डेंगळ्यांचं डेंगलिया. सूचीत एका ठिकाणी नाव नाही मिळालं म्हणून उठून जायचं नसतं. आणखी तीन-चार तऱ्हांनी ते उच्चारून बघायचं.

आणि १८१७ च्या नोव्हेंबरात हे कागदसुद्धा पोरके होतात. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. एल्फिन्स्टन तेव्हा पेशवे दरबारी कंपनीचा वकील, म्हणजे रेसिडेंट होता. त्या दिवशी त्याची संगमावरची रेसिडेन्सी पेशव्यांच्या फौजेने जाळली, त्यात त्याची पुस्तकं आणि हस्तलिखितं गेली. पुढचे काही महिने पत्रं लिहिली गेली ती तळावरून, घाईत.

याच दिवसांत दोन तरुण घोडदळ अधिकारी, कॉर्नेट हंटर आणि कॉर्नेट मॉरिसन, हैदराबादहून पुण्याला येत होते. कॉर्नेट म्हणजे घोडदळातला सगळ्यात खालचा अधिकारी. लढाई पेटल्याची त्यांना कल्पना नव्हती. उरुळीजवळ त्यांना पेशव्यांच्या माणसांनी गाठलं. बरोबर थोडी शिपायांची तुकडी होती, झुंज झाली आणि दोघे पकडले गेले. त्यांना आधी महाडच्या बाजूच्या कांगोरी किल्ल्यावर ठेवलं, मग वासोट्यावर. तिथे साताऱ्याच्या राजघराण्यातलीही माणसं पेशव्यांनी ठेवली होती. एप्रिल १८१८ च्या पहिल्या आठवड्यात जनरल प्रिट्झलरच्या तोफांनी वासोट्यावर गोळे टाकायला सुरुवात केली. किल्लेदार आधी ऐकत नव्हता. मारा सुरू झाल्यावर किल्ला लगेच शरण आला आणि दोन्ही कॉर्नेट सुखरूप सुटले.

सगळ्यांचं नशीब असं नव्हतं. त्याच नोव्हेंबरात तळेगावला कॅप्टन व्हॉन आणि त्याचा भाऊ पेशव्यांच्या माणसांच्या हाती लागले आणि त्यांना फासावर दिलं. हातात सापडलेल्या, लढत नसलेल्या माणसाला असं मारणं वाईटच होतं. आपल्या बाजूने झालं म्हणून ते मला झाकावंसं वाटत नाही.

तर, वासोटा. हंटर आणि मॉरिसन. कागदांत त्यांची हुद्द्यासकट नावं आहेत, ते कुठून निघाले, कुठे पकडले गेले, कुठे ठेवले, कधी सुटले, सगळं आहे. एका दुर्गम किल्ल्यावर कैदेत पडलेल्या दोन पोरसवदा अधिकाऱ्यांचा माग मी दोनशे वर्षांनी काळ्या घोड्याला बसून लावू शकते. आणि त्याच किल्ल्याच्या तटावर उभे असलेले, त्यांना रोज भाकरी नेऊन देणारे, शेवटी तोफगोळे अंगावर घेणारे जे लोक होते, ते त्या पत्रव्यवहारात एकाच शब्दात उरकले आहेत: गॅरिसन. किल्ल्यावरची माणसं. त्यांत माझा मूळ पुरुष असेल तर तो त्या शब्दाच्या आत आहे.

सुरुवातीला मला हा सरळ भेदभाव वाटला आणि मी त्यावर बरीच चिडले. गोरा तो माणूस, काळा तो आकडा. ते खोटं नाही. पण तेवढ्याने डार्टमूरचं कोडं सुटत नाही. त्या वहीत काही शे कृष्णवर्णीय अमेरिकन खलाशी आहेत आणि त्यांचीही उंची, वय, व्रण तितक्याच बारकाईने लिहिलेले आहेत. ज्या काळात माणसांची खरेदी-विक्री होत होती त्या काळात त्या कारकुनाला त्यांच्याविषयी विशेष कळवळा आला असेल असं मला वाटत नाही. मग त्याने एवढं का लिहिलं?

उत्तर मला १२ मे १८१३ च्या एका करारात मिळालं. ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात कैद्यांच्या अदलाबदलीचा तो करार. त्यात चक्क दर ठरवले आहेत. सेनापती किंवा मुख्य ॲडमिरल सोडवायचा तर समोरून त्याच हुद्द्याचा माणूस द्यायचा, नाहीतर ६० साधी माणसं. खाली खाली येत हा दर घटत जातो आणि शिपायाला शिपाई, खलाशाला खलाशी असा एकास एक होतो. म्हणजे प्रत्येक कैदी हा समोरच्या सरकारकडून काहीतरी येणं असलेला माणूस होता. येणं वसूल करायचं तर नोंद हवी. पळालेला परत सापडला तर ओळखता यायला हवा, म्हणून उंची आणि व्रण. एकाच्या नावावर दुसरा सुटून जाऊ नये, म्हणून डोळ्यांचा रंग. ती वही म्हणजे दोन सरकारांमधला जमाखर्च आहे.

पेशवे आणि कंपनी यांच्यात असा दरांचा करार नव्हता. आपण हरत गेलो, किल्ले पडत गेले, आणि कंपनीला ते लोक सांभाळायचेच नव्हते. सांभाळायचं तर रोजचा शिधा आला, पहारा आला, जागा आली. त्यापेक्षा जाऊ द्या म्हणायचं. १८०३ साली अहमदनगरचा किल्ला वेलस्लीने घेतला तेव्हा किल्लेदाराला त्याच्या माणसांसह आणि खाजगी चीजवस्तूंसह बाहेर पडू दिलं. १८१८ च्या मार्चमध्ये सिंहगड पडला, मे महिन्यात रायगड पडला, तिथेही तसंच. रायगडावर तर पेशव्यांची पत्नी वाराणसीबाई होत्या; त्यांनाही सन्मानाने जाऊ दिलं. शिबंदी गड उतरली आणि आपापल्या गावाला लागली. कुणाची उंची मोजायची गरज पडली नाही.

हे लक्षात आल्यावर मी माझ्या रागाकडे नव्याने पाहू लागले. ज्याची नोंद आहे तो डार्टमूरच्या धुक्यात दोन-दोन वर्षं कुजला. युद्ध संपल्यावरही सुटका लांबली. ६ एप्रिल १८१५ ला तिथे पहारेकऱ्यांनी गोळीबार केला आणि सात कैदी मेले. तहावर सह्या होऊन गेल्या होत्या. एकूण २७१ अमेरिकन त्या तुरुंगात मरण पावले, बरेचसे आजाराने, त्यांचीही नावं आहेत. माझ्या माणसाची नोंद नाही, कारण बहुधा वासोटा पडला त्या संध्याकाळपर्यंत तो कोयना ओलांडून घरी पोचला होता. त्याला चुलीपुढे बसलेलं मी डोळ्यांसमोर आणते तेव्हा मला त्या कोऱ्या रकान्याविषयी तक्रार करता येत नाही. पण तो मला हवाही आहे. दोन्ही खरं आहे.

मग "मुंबईला नेलं" हे आजीच्या गोष्टीत कुठून आलं? मुंबईच्या बाजूला नेलेला आणि ज्याच्या कैदेची कथा घरोघर पोचली असा माणूस मला त्या काळात एकच दिसतो: दुसऱ्या बाजीराव पेशव्यांचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे.

१८१५ च्या जुलैमध्ये गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपूरला खून झाला. एल्फिन्स्टनने त्याचं माप त्रिंबकजींच्या पदरात घातलं आणि बाजीरावांवर दडपण आणून त्यांना ताब्यात घेतलं. ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात. पोर्तुगिजांनी बांधायला घेतलेला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकलेला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी घेतलेला हा किल्ला म्हणजेच आजचं ठाणे मध्यवर्ती कारागृह. ज्यांचं ठाण्याला रोजचं जाणं-येणं आहे त्यांनी ती भिंत हजारदा पाहिली असेल. पहाऱ्यावर मुद्दाम गोरे शिपाई नेमले होते, म्हणजे फितुरी नको. त्यांना मराठीचं अक्षर कळत नव्हतं. किल्ल्यातल्या एका अधिकाऱ्याकडे घोडा सांभाळायला एक मराठी मोतद्दार लागला. तो घोड्याला खरारा करता करता त्रिंबकजींच्या खिडकीखाली गाणी म्हणायचा आणि त्या गाण्यांत सुटकेचा सगळा बेत असायचा. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्री, भर पावसात, त्रिंबकजी शौचाला म्हणून गेले, भिंतीला पाडलेल्या भोकातून तबेल्यात उतरले आणि नोकराच्या वेषात, डोक्यावर पाटी घेऊन निघून गेले.

पुढे जून १८१८ मध्ये नाशिककडे अहिरगावला ते पुन्हा पकडले गेले आणि गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्यांना नेऊन ठेवलं. १८२४ मध्ये कलकत्त्याचे बिशप हेबर यांनी त्यांना तिथे पाहिलं. १८२९ मध्ये ते तिथेच वारले. या एका कैद्याभोवती कागदांचा ढीग आहे. तो किती माणसांच्या पहाऱ्यात आहे, त्याला खर्चाला काय मिळतं, त्याची तब्येत कशी आहे.

त्यामागेही कायदा आहे, आणि त्याची तारीख मला फार बोलकी वाटते. ७ एप्रिल १८१८, म्हणजे वासोटा पडला त्याच आठवड्यात, कलकत्त्याला १८१८ चं तिसरं रेग्युलेशन मंजूर झालं. ज्याच्यावर खटला भरता येत नाही किंवा भरायचा नाही, पण ज्याला मोकळं ठेवायचं नाही, अशा माणसाला राजकीय कारणासाठी अटकेत ठेवायची मुभा सरकारने त्यात स्वतःला दिली. पण त्याच रेग्युलेशनमध्ये एक कलम असं आहे की ज्याच्या ताब्यात असा कैदी असेल त्या अधिकाऱ्याने दर १ जानेवारीला आणि दर १ जुलैला त्याची वर्तणूक, प्रकृती आणि सोय यांविषयी अहवाल पाठवायचा. वर्षातून दोनदा. त्यामुळे राजबंद्यांच्या बाबतीत माग लागतो. मुंबई इलाख्यासाठी असंच १८२७ चं पंचविसावं रेग्युलेशन आलं. ते किती वर्षं जिवंत राहिलं पाहा: १८९७ मध्ये रँडच्या खुनानंतर पुण्याच्या नातू बंधूंना उचललं ते याच रेग्युलेशनखाली. लाला लजपतराय १९०७ मध्ये मंडालेला गेले ते तिसऱ्याखाली. ज्या आठवड्यात माझा पूर्वज बिननोंदीचा सुटला त्याच आठवड्यात पुढच्या शंभर वर्षांच्या बिनखटल्याच्या कैदेची सोय झाली, हे मी विसरू शकत नाही.

आणि त्या मोतद्दाराचं काय? त्याने गायलेल्या गाण्याचा इंग्रजीत उतारा झाला, ते छापलं गेलं. मी वाचलेल्या एकाही वृत्तांतात त्याचं नाव नाही. तोही सापडला नाही, म्हणून लिहिला गेला नाही.

तेव्हा आजीची गोष्ट मला आता अशी दिसते: आमचा माणूस वासोट्यावर होता, धरला गेला, सोडला गेला. ठाण्याच्या कैदेची कथा तेव्हा मुलखात फिरत होती, ती त्याला येऊन चिकटली. हा माझा कयास आहे. आजी असती तर तिला तो आवडला नसता, तिला तिचा माणूस समुद्रापर्यंत गेलेलाच हवा होता.

इथे थोडं आडवळण घेते. पुराभिलेखागारातून बाहेर पडलं की गोदीचा भाग चालत जाण्याइतका जवळ आहे. तिथे १२ ऑक्टोबर १८१७ ला, खडकीच्या लढाईच्या आधी जेमतेम चोवीस दिवस, वाडियांच्या गोदीत सागवानी लाकडाची एक युद्धनौका पाण्यात उतरली: त्रिंकोमाली. इंग्लंडात ओकचा तुटवडा, म्हणून आरमाराची जहाजं मुंबईत बांधून घेत होते. ती नौका अजून शाबूत आहे, इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. जमशेटजी बमनजी वाडियांचं नाव सर्वांना ठाऊक आहे, असायलाच हवं. पण ज्या सुतारांनी तिच्या फळ्या घडवल्या त्यांची नावं शोधायला गेलं तर कुठे शोधाल? त्यांना ज्याने रोज मजुरी दिली त्याच्या वहीत.

आणि मला वाटतं माझ्या शोधाचा रस्ता तिथेच वळायला हवा. आजवर मी पकडणाऱ्याच्या कागदांत माझा माणूस शोधत होते. पकडणाऱ्याला त्याच्याकडून काही यायचं नव्हतं, म्हणून त्याने लिहिलं नाही. पण त्याला देणं कुणाचं होतं? पेशवे सरकारचं. शिबंदीचा माणूस पगारावर असतो. किल्ल्यावर किती असामी, कुणाला काय तैनात, कुणाला धान्य किती, कुणाचा पगार तुंबला, हे फडावरच्या कारकुनाला लिहावंच लागायचं. ते कागद मुंबईत नाहीत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात आहेत, रोजकिर्दीत आणि घडणीत, रुमालांत बांधलेले, मोडीत. मुंबईच्या डायऱ्या वाचायला इंग्रजी पुरलं. इथे नाही पुरणार.

म्हणून दादरला एका निवृत्त गुरुजींकडे मी मोडी शिकते आहे. गुरुजी कडक आहेत. अक्षर न ओळखता अर्थावरून अंदाज केला की लगेच थांबवतात: "बाई, तुम्हाला हवं ते वाचू नका, लिहिलंय ते वाचा." कर्जरोखे आणि वाटणीपत्रं आता बऱ्यापैकी जमतात. आकडे, विशेषतः रुपये-आणे आणि मण-पायलीच्या खुणा, अजून अडवतात, आणि मला जे हवंय ते सगळं आकड्यांच्या शेजारीच आहे.

भावकीतही विचारणं सुरू आहे. धरणाच्या वेळी घर सोडताना कुणी काय उचललं, याची प्रत्येकाकडे वेगळी आठवण आहे. जातं, देव, तांब्याचं घंगाळ. नव्या मुंबईतल्या एका चुलत्यांकडे पत्र्याच्या पेटीत मोडी कागदांची एक गुंडाळी निघाली. त्यांनी ती आजवर उघडली नव्हती, कारण वाचता येणारं घरात कुणी नव्हतं. पहिला कागद जमिनीच्या वाटणीचा आहे, शके १७६८ चा, म्हणजे साधारण १८४६. किल्ला पडल्याला तेव्हा अठ्ठावीस वर्षं झाली होती. वाटणी करणारे तिघे भाऊ, आणि तिघांच्याही नावापुढे बापाचं एकच नाव. ते नाव घेऊन मी पुण्याला जाते आहे. वासोट्याच्या असाम्यांत ते असेल किंवा नसेल, पण निदान आता हाक काय मारायची ते ठरलं आहे.

जावळी, कोयना, कांदाटी खोऱ्यातल्या कुणाकडे असे कागद असतील तर एवढंच करा: ते प्लास्टिकमध्ये गुंडाळू नका, दमट हवेत शाई सुटते, सुती फडक्यात ठेवा, चिकटपट्टी लावू नका, आणि वाचता येत नाही म्हणून विसर्जन तर मुळीच करू नका. मोबाईलवर उजेडात सरळ फोटो काढून ठेवा, दोन्ही बाजूंचे. मागच्या बाजूला बऱ्याचदा साक्षीदारांची नावं असतात.